बादशहा मागू नका, पुरावा मागा

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत सत्कारांचा हंगाम सुरू होतो. शादीखान्यात खुर्च्या मांडल्या जातात, नगरसेवक येतात, मुलांना ट्रॉफी आणि स्कूलबॅग मिळते. गणितात किती पडले, सायन्समध्ये किती पडले, पुढे नीट की जेईई, हे सगळं विचारलं जातं. वीसेक वर्षं मी अशा कार्यक्रमांना जाते आहे. इतिहासात किती पडले, हा प्रश्न मी एकदाही ऐकलेला नाही. आणि पाठ्यपुस्तकातून मुघलांचा धडा काढल्याची बातमी आली की याच शादीखान्यात, याच माईकवरून 'हमारी तारीख मिटाई जा रही है' अशी भाषणं होतात.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून मला काही बोलायचं आहे. काहींना ते झोंबेल. झोंबू द्या.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला इतिहास ही माझी दुसरी अध्यापन पद्धती होती, म्हणून नववी-दहावीचे इतिहासाचे तासही बहुतेक वर्षी माझ्या वाट्याला येतात. अनेक शाळांत एवढाही विचार होत नाही. ज्याच्या वेळापत्रकात जागा रिकामी, त्याच्या गळ्यात इतिहास. विज्ञानाचा शिक्षक नसला तर पालक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन भांडतात. इतिहासाचा शिक्षक नाही म्हणून भांडायला आलेला पालक मला अजून भेटायचा आहे.

भांडायचं कशासाठी, असंही विचारलं जातं. एसएससीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुण, दोन तासांचा पेपर. राज्यशास्त्राचा वाटा वेगळा काढला तर इतिहासाला तिसाच्या आत. त्यात 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची सोय. सहा विषयांपैकी ज्यात सर्वांत कमी पडले तो टक्केवारीतून बाजूला, आणि तो बाजूला पडणारा विषय समाजशास्त्र असला तर घरात कुणाला हळहळ वाटत नाही. मुलंही हुशार असतात. जो विषय टाकून देता येतो त्यावर रात्र कोण जागवणार?

पण एक हिशेब पालक करत नाहीत. दहावीनंतर मूल सायन्सला गेलं, कॉमर्सला गेलं, आयटीआयला किंवा डिप्लोमाला गेलं की शाळेतला इतिहास संपला. आपल्या बहुसंख्य मुलांसाठी दहावीचं पुस्तक हे इतिहासाचं शेवटचं पुस्तक असतं. त्यानंतर आयुष्यभर त्यांना इतिहास शिकवणार कोण? सिनेमा, रील, व्हॉट्सॲपचा ग्रुप, आणि निवडणुकीच्या आधी बांधलेला मंच. म्हणजे सोळाव्या वर्षी वर्गातून जे हातात पडलं, तेवढ्याच शिदोरीवर पुढची पन्नास वर्षं काढायची.

आता या शेवटच्या पुस्तकात आहे काय? पालकांनीच काय, भाषणं करणाऱ्यांनीही ते उघडून पाहिलेलं नसतं. बालभारतीचं 2018 साली आलेलं दहावीचं इतिहासाचं पुस्तक राजांचं नाहीच. इतिहास लिहितात कसा, याचं ते पुस्तक आहे. पहिला धडा पाश्चात्त्य इतिहासलेखनाचा, दुसरा भारतीय इतिहासलेखनाचा. व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको यांच्यापासून आपल्याकडच्या बरनी, अबुल फजल आणि सभासदाच्या बखरीपर्यंत. वसाहतवादी, राष्ट्रवादी, मार्क्सवादी, स्त्रीवादी, वंचितांचा इतिहास अशा लेखनाच्या तऱ्हा त्यात आहेत. पुढे प्रसारमाध्यमं आणि इतिहास, मनोरंजनाची माध्यमं आणि इतिहास, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन. त्याआधी नववीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासाच्या साधनांपासून होते आणि मग 1960 नंतरचा भारत येतो.

या पुस्तकात उणिवा आहेत. इतकी मोठी नावं चार-पाच ओळींत उरकली आहेत. तरीही कल्पना मोलाची आहे. सोळा वर्षांच्या मुलाला राज्य शासनाचं पुस्तक सांगतं की इतिहास हा आकाशातून पडत नाही. तो कुणीतरी, कुठेतरी बसून, कुणासाठी तरी लिहिलेला असतो, आणि तो तपासता येतो. आजच्या महाराष्ट्रात मुसलमान मुलाला याहून उपयोगी धडा कोणता असू शकेल, मला माहीत नाही. हिंदू मुलालाही.

आणि या धड्याचं आपण काय करतो? गाईडमधून रिकाम्या जागा भरून घेतो. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, अमुक ग्रंथ कुणाचा, चुकीची जोडी ओळखा. रांकेनं आयुष्यभर मूळ कागद पाहण्याचा आग्रह धरला, आणि आमचं मूल त्याचं नाव मूळ पुस्तकही न उघडता 'मोस्ट आयएमपी'च्या पीडीएफमधून पाठ करतं. परीक्षेत उतारा येतो, पण त्याची उत्तरं उताऱ्यातूनच शोधून उतरवायची असतात. हा उतारा खरा कशावरून, असं विचारायला बोर्ड सांगत नाही. अंतर्गत गुणांसाठी प्रकल्प असतो. तो झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, चित्रांसकट. शंका घ्यायला शिकवणारा विषय आपण पाठांतराचा करून टाकला. यात बोर्ड दोषी आहे, शाळा दोषी आहेत, आम्ही शिक्षक आहोत, आणि टक्केवारीखेरीज काहीही न विचारणारे पालक आहेत.

यात खरोखर काय पणाला लागलं आहे ते आता बघा. जून 2023 मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या मोबाइलवरच्या स्टेटसमुळे शहर पेटलं. बंद, दगडफेक, इंटरनेट बंद. मार्च 2025 मध्ये खुलताबादच्या कबरीवरून नागपुरात हिंसाचार झाला आणि संचारबंदी लागली. स्टेटस ठेवणारी पोरं कोणत्या वयाची असतात? माझ्या वर्गात बसणाऱ्या वयाची, नाहीतर नुकतीच वर्गातून गेलेली. त्यांना औरंगजेबाबद्दल काय माहीत असतं? काहीही नाही. समोरच्यानं शिवी दिली म्हणून यांनी फोटो लावला, एवढंच. एका बोटाच्या टिचकीसाठी गुन्हा नोंद होतो, बाप पोलीस ठाण्याच्या बाकावर रात्र काढतो, आणि गल्लीतल्या ज्या गाडेवाल्याचा काही संबंध नव्हता त्याचा गाडा जळतो. समोरच्या बाजूचा पोरगाही असाच. सिनेमा पाहून घोषणा देत बाहेर पडलेला, दहावीला हेच पुस्तक पाठ करून आलेला. मनोरंजनाची माध्यमं आणि इतिहास हा धडा त्यानंही गाईडमधूनच 'केलेला' असतो.

माझ्या वर्गात हा विषय निघतोच. एका मुलानं विचारलं, "मिस, औरंगजेब अच्छा था के बुरा?" मी त्याला म्हटलं, हा प्रश्न फळ्यावर लिहू नकोस, दुसरे तीन लिही. कुणी लिहिलं? कधी लिहिलं? कुणासाठी लिहिलं? मग आम्ही तीन लेखक घेतले. कृष्णाजी अनंत सभासद, ज्यानं छत्रपती राजारामांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. शिवाजी महाराज 1680 साली गेले, बखर 1690 च्या दशकातली. साकी मुस्तैद खान, ज्याचा औरंगजेबाच्या कारकिर्दीचा फारसी इतिहास बादशहाच्या मृत्यूनंतर, 1710 साली पुरा झाला. आणि भीमसेन सक्सेना, बुऱ्हाणपूरचा कायस्थ, मुघलांच्या चाकरीत राहून फारसीत आठवणी लिहिणारा आणि दख्खनच्या न संपणाऱ्या लढाईनं झालेली दैना नोंदवणारा. मुलांना पहिला धक्का इथेच बसला. फारसीत लिहिणारा म्हणजे मुसलमान, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

दुसरा धक्का देणं मला टाळता आलं असतं. मी टाळलं नाही. 1669 साली काशीचं विश्वनाथ मंदिर पाडल्याची नोंद साकी मुस्तैद खानाच्याच पुस्तकात आहे. इंग्रजांनी ती घुसडलेली नाही. 1679 चा जिझियाही खरा. याच बादशहाच्या सैन्यात राजपूत आणि मराठे मनसबदार होते हेही खरं, पण त्यानं पहिल्या दोन गोष्टी पुसल्या जात नाहीत. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तो फिर हमको क्यूं सुनाते लोग? हम थोडी थे उधर."

बाई गं, हेच तर शिकायचं आहे. पुरावा तपासणारं मूल कुठल्याही बादशहाचं वारस राहत नाही. त्याला बादशहाचा बचाव करावा लागत नाही आणि त्याच्या पापाचा हिशेबही द्यावा लागत नाही. ज्यांना तुम्हाला वारस ठरवायचं आहे, त्यांना तुमचं स्टेटस हवंच आहे. तुम्ही फोटो लावता तेव्हा त्यांचाच दावा सही करून देता.

आता काढून टाकलेल्या धड्यांकडे येते, नाहीतर मी सरकारची बाजू घेते असा कुणाचा समज व्हायचा. एनसीईआरटीनं 2022 साली 'भार कमी करण्या'च्या नावाखाली बारावीच्या पुस्तकातलं मुघल दरबारावरचं प्रकरण वगळलं आणि 2023 मध्ये नवी पुस्तकं आली. आपल्या राज्यात 2017 मध्येच सातवीच्या पुस्तकात मुघल आक्रसून गेले होते. हे चूकच आहे, आणि मुसलमानांच्या भावनांसाठी चूक आहे असं नाही. मुघल सत्ता केवढी होती हे कळल्याशिवाय 1665 चा पुरंदरचा तह समजत नाही, आणि 1666 साली आग्र्याहून निसटणं किती अवघड होतं तेही समजत नाही. समोरचा पहाडच चित्रातून काढून टाकला तर तो चढणाऱ्याचं मोठेपण मुलांना कशावरून कळणार? हा कात्रीचा कारभार शिवाजी महाराजांवरही अन्याय करतो.

मात्र त्या वेळी आपल्याकडे जो गदारोळ झाला त्यातली एक गंमत सांगते. आमच्या उर्दू शाळांत राज्य मंडळाचं पुस्तक चालतं. एनसीईआरटीचं बारावीचं ते प्रकरण आमच्या मोहल्ल्यातल्या कुणा मुलाच्या दप्तरात नव्हतंच. तावातावानं बोलणाऱ्यांपैकी एकालाही मी विचारलं, तुमच्या मुलाच्या पुस्तकात काय आहे, तर उत्तर मिळालं नाही. जे पुस्तक घरात आहे ते उघडायचं नाही आणि जे कधी घरात नव्हतं त्यासाठी गळा काढायचा, याला मी इतिहासप्रेम म्हणणार नाही.

आपलं दुसरं दुखणं म्हणजे याद्या. प्रत्येक जयंतीला फॉरवर्ड येतो. शिवाजी महाराजांचे मुसलमान सरदार : दौलतखान, दर्यासारंग, इब्राहिम खान, काझी हैदर, मदारी मेहतर वगैरे. हेतू चांगला आहे, मला तो कळतो. भीतीच्या दिवसांत माणूस प्रमाणपत्र शोधतो. पण याद्यांनी इतिहास होत नाही. दौलतखान आरमारात होता, हे पक्कं. काझी हैदर महाराजांचा मुनशी होता, हेही पक्कं, आणि तो पुढे औरंगजेबाकडे गेला, हेही तितकंच पक्कं. मग यादीत ठेवायचा की काढायचा? मदारी मेहतराची आग्र्याची गोष्ट आपण फार प्रेमानं सांगतो. तिला समकालीन कागद कोणता, असं विद्यार्थ्यानं विचारलं तर त्याला गप्प बसवायचं का? जो नियम सिनेमावाल्याला, तोच आपल्या लाडक्या गोष्टीला. नाहीतर आपण आणि ते यांत फरक काय उरला?

हा नियम लावला की आपलं नुकसानच होतं असंही नाही. जानेवारी 2025 मध्ये एका लेखकानं जाहीर केलं की फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, ती आपणच रचली. समाजमाध्यमांवर आपले लोक तुटून पडले. शिव्या, शाप, फातिमाआपांचे हार घातलेले फोटो. खरं तर उत्तर एका ओळीचं होतं. सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतिरावांना लिहिलेलं पत्र पाहा. ते महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं छापलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे, आणि त्यात फातिमाचं नाव आहे. संपला वाद. आता याच पत्राकडे नीट पाहायला शिकलेलं मूल आणखीही काही सांगेल. पत्रात नुसतं 'फातिमा' आहे. आपण दरवर्षी 9 जानेवारीला जी जयंती करतो त्या तारखेला असा समकालीन कागद दाखवता येत नाही. जे आहे ते छातीठोक सांगायचं, जे नाही ते आहे म्हणायचं नाही. अशा माणसाला खोटं पाडणं कठीण असतं. शिव्या देणाऱ्याला सोपं असतं.

माझ्या वर्गातल्या मुलांकडे एक भांडवल आहे, ज्याची किंमत कुणी त्यांना सांगितलेली नाही. त्यांना उर्दू लिपी येते आणि मराठी येते. दख्खनचा मध्ययुगीन इतिहास मुख्यतः दोन लिप्यांत पडून आहे, फारसी आणि मोडी. आदिलशाहीची कितीतरी फर्मानं फारसी आणि मराठी अशी दोन्ही भाषांत आहेत. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली, म्हणून मराठी वाचकाला मुघलांच्या बाजूचे कागद वाचता आले. ते काम करायला त्यांना आधी ती लिपी आणि भाषा शिकावी लागली. आपल्या मुलाला लिपी घरात फुकट मिळते. मराठी शाळेत मिळते. मोडी शिकायला काही महिने लागतात. तरीही पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा 1910 पासून उभ्या असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात दप्तरं उलगडणारी आपली मुलं किती दिसतात? 'हमारी तारीख' म्हणून ओरडायला हजार जण मिळतात. ती तारीख वाचायला बोटावर मोजण्याएवढेही आपण तयार केले नाहीत. रोजच्या बोलण्यातले तालुका, जिल्हा, फिर्याद, वकील, दप्तर हे शब्द कुठून आले हे मुलांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकतात. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला, हेही त्याच तासाला सांगायचं असतं. दोन्ही गोष्टी एकाच मराठीच्या आहेत.

पोटाचा प्रश्न काढणारे आहेतच. इतिहासानं नोकरी मिळते का? एमपीएससी आणि यूपीएससीच्या परीक्षांत इतिहास सोडून पुढे जाता येत नाही, हे एक उत्तर झालं. पण माझं खरं उत्तर ते नाही. डॉक्टर झालेल्या मुलालाही शेजारी त्याच गल्लीत मिळणार आहे, आणि इंजिनिअर झालेल्या मुलीच्या ऑफिसात जेवणाच्या सुटीत तोच सिनेमा निघणार आहे. त्या वेळी ती काय करेल? उठून जाईल, भांडेल, की शांतपणे विचारेल, हे कुठे लिहिलं आहे आणि कधीचं आहे? ही तिसरी गोष्ट तिला नीटच्या क्लासमध्ये कुणी शिकवत नाही.

तेव्हा मागण्या करायच्याच असतील तर या करा. शाळेत इतिहासाला इतिहासाचाच शिक्षक द्या, असं संस्थाचालकांना लेखी विचारा. बोर्डाकडे मागा की पेपरात पुस्तकाबाहेरचा एक तरी अस्सल कागद द्यावा आणि मुलांना तो तपासायला सांगावा. प्रकल्प दुकानातून आणू देऊ नका. सोलापूरच्या मुलांनी 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवर करावा, कुर्बान हुसेन यांचं नाव मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासोबत वाचावं. छत्रपती संभाजीनगरच्या मुलांनी मलिक अंबरच्या नहरीवर करावा. बाकीच्यांनी आपल्या गावची जुनी मशीद, दर्गा, गढी, बाजार घ्यावा, आणि सनद कुणाकडे आहे ते घरोघर विचारत फिरावं. आणि सत्काराच्या मंचावर ट्रॉफी देताना मुलाला एकच गोष्ट विचारा : दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं तुला काय पटलं नाही?

त्याला उत्तर देता आलं तर ट्रॉफी द्या. देता आलं नाही तर ट्रॉफी तरीही द्या, बिचाऱ्याचा त्यात दोष नाही. पण मग पुढच्या वेळी तारीख मिटवली जात असल्याचं भाषण करू नका. जी आपण वाचलीच नाही, ती मिटली काय आणि राहिली काय, आपल्याला कळणार कसं?